अस्सल बरहुकूम शुभेच्छा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चष्मेवाल्या मामांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. पाठवणारी भाची चार महिन्यांपूर्वी वारली होती.

घराण्याच्या ग्रुपवर त्रेचाळीस माणसं होती. संदेश त्या सगळ्यांनी वाचला: "मामा, एक्क्याऐंशी पूर्ण! तुम्ही माझे सगळ्यांत लाडके. गेल्या वर्षी भेट राहून गेली, या वर्षी नक्की भेटायचं. मी वाट बघतेय. नाही म्हणायचं नाही हं."

तो पाठवला होता भाचीच्या नवऱ्यानं. हे गृहस्थ कोर्टाच्या नक्कल विभागात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. मूळ कागद समोर ठेवायचा, हुबेहूब उतरवायचा आणि खाली "अस्सल बरहुकूम नक्कल" असा शिक्का मारायचा, एवढंच या नकलनवीसांचं काम. हुकमात काही वेडंवाकडं दिसलं तरी नकलेत ते तसंच उतरायचं. विचार करायला साहेब होते.

घराण्यातला शिष्टाचार सांभाळायची बायको. ग्रुपवर कोणाचा वाढदिवस, बारसं, निकाल तिच्या नजरेतून सुटायचा नाही. नुसता अंगठा दाखवणं म्हणजे दारावरची बेल वाजवून पळून जाणं, असं ती म्हणायची. नाव घालून दोन ओळी लिहायच्या, म्हणजे लिहायच्याच. ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका पुतणीचा वाढदिवस आला. ग्रुपवर सगळे बोलले, तीच बोलली नाही. नकलनवीसांना ते बघवेना. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, ग्रुपवर ते नव्हतेच. त्यांनी बायकोचा फोन उघडला, गेल्या वर्षीच्या तारखेचा मजकूर शोधला, वयाचा आकडा एकानं वाढवला आणि पाठवून दिला.

असं सहा वेळा झालं. ज्यांना संदेश गेले त्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि विषय बदलला. त्यांची मुलगी पाठवत असेल, असं सगळे धरून चालले. सातवे मामा.

सात पंचवीसला मामांच्या सुनेनं लिहिलं, "कोण करतंय ही मस्करी? मामांचं बीपी चेक करतोय आम्ही."

त्याखाली एका अर्धवट झोपेतल्या भाच्यानं लिहिलं, "वा! नक्की भेटा. फोटो टाका."

नकलनवीसांनी मजकूर पुन्हा वाचला. त्यांनी संदेश काढून टाकला. तिथे ओळ उमटली, की हा संदेश पाठवणाऱ्या व्यक्तीनं काढून टाकला आहे. मामांनी खाली विचारलं, "काय गं, विचार बदललास?"

आता खुलासा करणं भाग होतं. नकलनवीसांना एकच भाषा येत होती. त्यांनी लिहिलं, "सकाळच्या संदेशातील भेटीबाबतचा मजकूर अनवधानाने गेला असून तो रद्द समजावा. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे." पाठवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हेही तिच्याच नावानं गेलं.

सुनेनं कळवलं, "मामा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसलेत. म्हणतात, मला कुठे जायची घाई नाही, पण तयार असलेलं बरं."

आठ वाजता तीन जणांनी ग्रुप सोडला.

नऊला मुलगी आली. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, ग्रुपची ॲडमिनही तीच. चपला न काढताच आत शिरली.

"बाबा, आईचा फोन द्या."

"चहा टाकू का?"

"फोन द्या म्हणते ना! माझ्या छोट्या मामेबहिणीनं घाबरून मला पहाटे फोन केला होता मागच्या महिन्यात, माहितीय? मेलेली आत्या म्हणते, अशीच हसत राहा! मी सांगितलं, चुकून गेला असेल. आई गेल्यापासून मी ग्रुप उघडतच नव्हते, मला काय ठाऊक, घरात कारखाना काढलाय!"

"मी माझ्या मनाचं एक अक्षर नाही घातलं गं. सगळं तिचंच आहे."

"तेच तर! लोकांच्या दुःखाचं काही भान? असं नाही वागायचं बाबा ग्रुपवर. तिचं नाव काढून टाकते मी आज."

"काढू नको," ते म्हणाले. "त्या यादीत ती अजून आहे गं. बाकी सगळीकडून काढलीच. रेशनकार्डातून मीच काढली, जाऊन."

तेवढ्यात बटणांचा फोन वाजला. मामांचा आवाज एवढा खणखणीत, की मुलीलाही ऐकू येत होता.

"जावईबापू, लिखाण तुमचंच ना?"

"हो मामा. फार मोठी चूक झाली. माफ करा."

"ते दिलगीर वाचलं आणि ओळखलं. आमची तायडी जन्मात दिलगीर झाली नव्हती." मामा हसले, मग खोकले. "चूक कसली त्यात? सकाळपासून घरातली चार माणसं माझ्याजवळ बसलीत. एरवी मी वर्तमानपत्राशी बोलतो. सून म्हणते डॉक्टरकडे चला, म्हटलं आज नको, आज माझं बोलावणं रद्द झालंय." मग म्हणाले, "ती खरंच यायची होती हो गेल्या वर्षी. मीच म्हटलं, उन्हाळा संपू दे."

पलीकडून मामांनीच फोन ठेवला.

मुलीनं स्वतःचा फोन काढला होता. पडद्यावर प्रश्न आला होता: "आई यांना ग्रुपमधून काढायचं?" खाली हो आणि नाही. मग तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला.

"गुरुवारी माझा वाढदिवस आहे," ती म्हणाली. "शुक्रवारी काढते."

"बरं."

"तुम्ही काही पाठवा म्हणून नाही सांगत मी."

"नाही, नाही. कळलं."

बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर नकलनवीस चष्मा पुसून फोन घेऊन बसले. मायलेकींचं बोलणं त्यांनी चार वर्षं मागेपर्यंत तपासलं. पोचलीस का. डबा विसरलीस. औषध घेतलं का, खरं सांग. वाढदिवसाच्या तारखेला मात्र एक अक्षर नव्हतं. दर वर्षी एकच नोंद होती, व्हॉइस कॉलची. गेल्या वर्षी सकाळी सहा अठ्ठावीस, सात मिनिटं. त्या आधीच्या वर्षी सहा पंचवीस, अकरा मिनिटं. तेव्हा ते शेजारच्या खोलीत दाढी करत असायचे. बोलणं चाललेलं कळायचं, शब्द कधी कान देऊन ऐकले नव्हते.

तीन वाजता त्यांनी मुलीचं घरातलं नाव टाइप केलं. पाच वाजता पडद्यावर तेवढंच होतं.