सावलीवर हरकत

आमच्या गोधडीवर हरकत आली, तेव्हापासून नलूमावशीची आणि आमची खरी ओळख.

रविवारची सकाळ होती. बायकोने गच्चीवरच्या उंच दोरीवर गोधडी वाळत घातली. ती पाठ फिरवते तोच शेजारच्या गच्चीवरून खणखणीत आवाज आला, "गुरुजी, तुमच्या गोधडीने माझ्या सोलर पॅनेलवर अतिक्रमण केलंय! तात्काळ हटवा!"

मी शाळामास्तर. 'तात्काळ' हा शब्द ऐकला की माझे हात आपोआप हलतात. गोधडी काढली. बायकोने मात्र ती गोष्ट मनात ठेवली.

नलूमावशीची सगळी नोकरी तलासरीच्या एका सरकारी कचेरीत, अतिक्रमणाच्या फायली हाताळण्यात गेली. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलंच तर म्हणते, "ते प्रकरण कधीच निकाली निघालं." निवृत्तीनंतर सरावलीला, आमच्या शेजारी, थोरल्या भावाकडे राहायला आली. भावाला सगळी आळी अप्पा म्हणते. अप्पांनी आयुष्यभर घोलवडच्या नर्सरीत चिकूची कलमं बांधली. मग अर्धांगाचा झटका आला. अंथरूण धरलं आणि वाचाही गेली.

पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी हवेची गादी सांगितली. विजेचा छोटा पंप तिच्यात सारखी हवा भरत असतो. लाइट गेली की पंप बंद, गादी हळूहळू बसते आणि माणूस फळीला टेकतो. आमच्याकडे लाइट जायला काही कारण लागत नाही. एकदा अशीच बराच वेळ गेली आणि अप्पांच्या पाठीला जखम झाली. तिला मलम लावता लावता मावशीने ठरवलं, हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. थोड्याच दिवसांत गच्चीवर सोलर पॅनेल चढले आणि देवघराशेजारी बॅटरी बसली. मावशी सकाळी उठली की आधी बॅटरीचा आकडा बघते, मग देवाकडे. देवालाही आता त्याची सवय झाली असावी.

सूर्याला ती 'साहेब' म्हणते. "आज साहेब वेळेवर आलेत." "आज साहेब अर्ध्या रजेवर." साहेब यायच्या आत ती कंबरेला पदर खोचून, पोछा आणि बादली घेऊन गच्चीवर हजर. पक्ष्यांनी रात्रीत केलेले सगळे उपद्व्याप पुसून काढायचे, हे तिचं पहिलं काम. घरात मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, सगळं भर दुपारी. सकाळी चटणी मागणाऱ्या पाहुण्याला कालची भाजी मिळते. पण दुपारी बॅटरी भरली की हीच मावशी गच्चीवरून आळीला हाक मारते, "आणा गं तुमची वाटणं! ऊन फुकट चाललंय!" आणि बायका खरंच वाट्या घेऊन निघतात.

सावली पडली की मात्र तिच्यातली कचेरी जागी होते. आमची टीव्हीची डिश हलली. एकाची पाण्याची टाकी सरकली. समोरच्या जयंतीभाईंच्या माडाच्या झावळ्यांवर हरकत आली तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "मावशी, नारळ उभाच वाढतो ने! आडवा कसा वाढवू?"

"झावळ्या तर उतरवता येतात?"

उतरवल्या.

दिवाळी झाली, साहेब दक्षिणेकडे कलले आणि एक नवीनच अतिक्रमण उघडकीला आलं. मावशीच्या स्वतःच्या अंगणातल्या चिकूची सावली जेवणवेळेपासूनच पॅनेलवर चढायला लागली. एका पॅनेलवर सावली आली की अख्खी रांग मान टाकते. बॅटरी भरेना. त्यातच विजेच्या लाइनचं काम निघालं आणि रोज संध्याकाळी लाइट जाऊ लागली. पॅनेल बसवणाऱ्या माणसाने बघून सांगितलं, "झाड काढा, दुसरा इलाज नाही."

आळीत आनंदीआनंद झाला. जयंतीभाई स्वतः कोयता घेऊन आले. "बोला मावशी, अतिक्रमण कधी हटवायचं?"

मावशी अंगणात उभी राहिली, झाडाला पाठ लावून. "वहिवाट आहे त्याची. घर नंतर बांधलंय. कोयता घरी न्या."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बॅटरी मधेच संपली. मावशीने मला हाक मारली. गादी बसत चालली होती. आम्ही दोघांनी अप्पांना कुशीवर वळवलं आणि पाठीशी उशा लावल्या. लाइट येईपर्यंत मावशी त्यांच्या पाठीखाली आपला तळहात घालून बसली होती. मला तिचा रागच आला. एका झाडासाठी भावाची पाठ पणाला लावायची, हा कसला हट्ट!

रविवारी अप्पांना अंघोळ घालणारी बाई येते. ती आली तशी मावशी आमच्या दारात उभी राहिली. इस्त्रीचं पातळ, डोळे खाली.

"गुरुजी, एक विनंती आहे. तुमच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं. माझे दोन पॅनेल तिथे ठेवू द्याल?"

विनंती हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तरीही म्हणालो, "मावशी, झाड काढलं असतंत तर हा प्रश्नच आला नसता."

"अप्पाने लावलेलं कलम आहे ते," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी नाही पण. त्याच्या खिडकीतून ते झाड दिसतं. दुपारी पोपट येतात, चिकूसाठी भांडतात, आणि अप्पा हसतो. तोंडाच्या एकाच बाजूने हसतो, पण हसतो. त्याला हसवायला मी काय नाही केलं, गुरुजी! मला जमत नाही. मी रोज हातातलं काम टाकून तिथे जाऊन बसते. आमच्या घरात दुसरं कोणी हसत नाही हो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आतून बायको आली. तिने मावशीचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं. "दोन कशाला, मावशी, बसतील तेवढे बसवा. आणि आधी चहा घ्या."

मावशीने चहा घेतला. इतकी वर्षं शेजारी राहून आमच्या घरात ती कधी बसली नव्हती. बायको तिला काहीबाही विचारत राहिली, चिकूच्या लोणच्याचं, तलासरीच्या बाजाराचं, आणि मावशी सांगत राहिली. शेजारच्या घरातून अंघोळ झाल्याची हाक आली तेव्हा ती उठली.

दाराशी वळून तिने बायकोला विचारलं, "पॅनेल पुसायला रोज यावं लागेल मला. चालेल ना?"