डाव्या मडगार्डाचा पोचा

पत्र्याचा पोचा काढायला कारागीर लागत नाही, डोकं लागतं, आणि ते माझ्याकडं आहे, असं माझं खंडेनवमीच्या सकाळी साडेआठपर्यंत ठाम मत होतं. अकरा व्हिडिओ पाहून झाले होते. प्रत्येकात एक हसतमुख माणूस पत्र्याच्या मागून दोन ठोके मारी आणि पोचा पहिल्या बाकावरच्या पोरासारखा शहाण्यासारखा बाहेर येई. आयुष्यभर लोकांच्या वर्मावर नेमके ठोके मारत आलेल्या माणसाला एक मडगार्ड ते काय जड!

गाडी म्हणजे आमची एकाहत्तर सालची अँबॅसिडर, दुधावरच्या सायीच्या रंगाची. आमची म्हणजे बायकोच्या वडिलांची. त्यांना मी मामा म्हणे. मामा ढोकीच्या साखर कारखान्यात होते. शेवटच्या दिवसांत त्यांनी गाडी धाराशिवला आमच्या दारात आणून लावली आणि थोरल्या मुलासमोर, म्हणजे अण्णांसमोर, मला एकच अट घातली: पत्र्याला इजा झाली, तर गाडी अण्णाच्या अंगणात जाईल.

तेव्हापासून एकवीस वर्षं अण्णा दर दसऱ्याला सास्तूरहून येतात. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवतात आणि चहा यायच्या आत गाडीकडं जातात. सगळी गाडी सोडून डाव्या मडगार्डावरून बोट फिरवतात, नव्या सुनेनं पुसलेल्या फडताळावरून सासूनं फिरवावं तसं. मग "हं" म्हणतात. त्या "हं"वर माझं पुढचं वर्ष निभावतं. डाव्या बाजूचा माझा अंदाज कच्चा आहे हे त्यांनी ओळखलं असावं, अशी माझी समजूत होती.

तर अष्टमीच्या संध्याकाळी गाडी धुवायला मागं घेत होतो. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असतो आणि त्याचा स्वभाव घरातल्या वडीलधाऱ्यांचा आहे. आपण एक सांगावं, त्यानं भलतंच ऐकावं. मी रिव्हर्स टाकला, त्यानं पहिला ऐकला. गाडी पुढं गेली आणि फाटकाच्या खांबाला भेटली. डावं मडगार्ड. वाटीएवढा पोचा.

चारुशीला देवळात गेली होती. ती यायच्या आत मी गाडीचं तोंड भिंतीकडं केलं आणि वर चादर टाकली. ती आली, चादरीकडं बघितलं आणि गाडीला ताप आलाय का, असं विचारून आत गेली.

रात्रीत बेत पक्का झाला. सकाळी बाजारातून नवा कोरा हातोडा आणला, पायरीवर ठेवला आणि चहा प्यायला आत गेलो. परत येतो तर पायरी रिकामी! शोधत शोधत देवघरापर्यंत गेलो. तिथं पाटावर विळी, कात्री, कोयता, पाना, टेस्टर असे सगळे ओळीनं बसले होते, आणि मधोमध, नवरदेवासारखा, माझा हातोडा. कपाळाला हळदीकुंकू, डोक्यावर झेंडू.

"नवा दिसला," चारुशीला म्हणाली, "म्हणून पहिला मान त्याला दिला."

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजेला बसतात आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नसतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण अकरा व्हिडिओंतल्या एकाही माणसाला ते ठाऊक नव्हतं आणि मी सगळा भार त्यांच्यावर टाकला होता.

घाबरून पत्र्याचं काम करणाऱ्या रेवणसिद्धला फोन केला. तो म्हणाला, "काका, आमचीबी सगळी हत्यारं पूजेला बसलीत. आज पाना उचलला तर आई जेवायला न्हाय वाढायची. परवा या."

परवा! आणि अण्णा उद्या.

मग मी स्वतःपुरतं शास्त्र काढलं: जे लोखंडाचं नाही ते हत्यार नाही. या शास्त्राच्या आधारे मोरीतलं धुणं बडवायचं लाकडी धोपाटणं उचललं. चाक एका अंगाला वळवलं, गोणपाटावर आडवा झालो, हात आत घातला आणि मामांचं स्मरण करून ठोका दिला. काही नाही. दुसरा दिला. तिसऱ्याला "टण्ण" असा आवाज आला आणि पोचा बाहेर आला. मी आडव्यानंच स्वतःला शाबासकी दिली.

तेवढ्यात बाहेरच्या बाजूनं काहीतरी धप्पकन पडलं.

उठून बघतो तर मडगार्डावरून भाकरीएवढा आणि भाकरीच्या दुप्पट जाड असा एक तुकडा सुटून खाली पडलेला. गॅरेजवाले खोल पोचा बुजवायला वरून लेप भरतात आणि घासून रंग देतात, त्याला लांबी म्हणतात. ती लांबी होती. जिथून ती निघाली तिथं आता परातीएवढा खड्डा दिसत होता. माझा वाटीएवढा पोचा त्या खड्ड्यापुढं बाळ होता. एवढा खड्डा मी कधी पाडला असेन, हे आठवेना. वयाच्या या टप्प्यावर माणूस स्वतःवरही संशय घेतो.

तुकडा उचलून डिकीत दडवला. खड्डा भरायला सायीच्या रंगाचं घरात एकच काही होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन परातभर कणीक मागितली. कशाला, तर पूजेला कणकेचे दिवे करतो म्हणालो. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी कणकेला हात लावलेला नव्हता. चारुशीलानं मुकाट मळून दिली. रंग जुळायला चिमूटभर हळद कोणत्या निमित्तानं मागावी, याचा मी विचार करत होतो.

"हळद घालू का थोडी?" तिनंच विचारलं.

बायको इतकी समजूतदार झाल्यावर माणसानं सावध व्हायला हवं. मी झालो नाही.

कणीक थापली, पाण्याच्या हातानं गुळगुळीत केली, दिवसभर उन्हात वाळवली. दसऱ्याच्या सकाळी चादर काढून गाडी सरळ उभी केली. लांबून शोरूमची वाटावी अशी दिसत होती. जवळून बघणाऱ्यांसाठी वर झेंडूचा जाडजूड हार सोडला. अण्णांचं बोट हाराखाली जाऊ नये, एवढंच आता देवीच्या हातात होतं.

नऊ वाजता अण्णा आले. पानं दिली, गळाभेट झाली, आणि ते वळले. त्याच वेळी उघड्या फाटकातून शेजारच्या शांताक्कांची गाय आत आली. ती रोज सकाळी आमच्या दारात चपातीला येते. आज पुरणाच्या गडबडीत तिची चपाती राहिली होती. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि थेट गाडीकडं जाऊन आधी हार खाल्ला.

मी "हाड हाड" करत धावलो. गाईनं माझ्याकडं दुर्लक्ष केलं आणि मडगार्ड चाटायला घेतलं. गाईची जीभ म्हणजे रंधा! दोन चाटण्यांत वरचा थर गेला, मग तिनं तोंडच घातलं. अण्णांच्या डोळ्यांदेखत एकवीस वर्षांची माझी अब्रू ती चवीनं खात होती. खाऊन झाल्यावर परातीएवढा खड्डा सकाळच्या उन्हात लख्ख उघडा पडला.

माझ्या डोळ्यांसमोर गाडी सास्तूरच्या रस्त्याला लागली. आता अण्णा चावी मागतील म्हणून मी खिशात हातही घातला.

अण्णा खड्ड्याकडं बघत होते. चेहरा पांढरा पडला होता. मग ते माझ्या कानाशी आले.

"पाव्हणं, हे चारूनं बघितलं का?"

"न्हाय."

अण्णा पायरीवर बसले. मग हळू आवाजात सांगू लागले. एकोणऐंशी साली त्यांनी मामांच्या नकळत गाडी शेतात नेली होती आणि बांधावरच्या बाभळीला धडकवली होती. त्याच दिवशी सोलापूर गाठून लांबी भरून घेतली. मामांना अखेरपर्यंत कळू दिलं नाही.

"दर साली बोट फिरवून बघतो," ते म्हणाले, "तडकली तर न्हाय ना. तुमच्याकडं बघायला मला कुठं सवड होती."

एकवीस वर्षं ज्या बोटाला मी भ्यालो, ते बोट माझ्याहून जास्त भ्यालेलं होतं! माझ्या छातीवरचं अख्खं मडगार्ड उतरलं. मीही खांबाची हकिगत सांगून टाकली. आता कुणाची इजा आधीची, हे उघडच होतं. गाडी हलायचं कारण उरलं नव्हतं. आम्ही पुन्हा गळाभेट घेतली, आणि यंदाच्या दसऱ्यातली खरी गळाभेट तीच. चारूला सांगायचं नाही, हेही ठरलं.

मग पुरावा म्हणून मी डिकीतला तुकडा काढून दाखवला. अण्णांनी तो उलटा केला आणि थबकले. वरचा थर राखाडी होता. त्याच्या पाठीला चिकटलेला आणखी एक थर होता, विटेच्या रंगाचा.

"राखाडी माझी," अण्णा म्हणाले. "ही लाल कुणाची?"

"माझी."

मागं चारुशीला उभी होती. हातात पूजेचं ताट.

"शहात्तर साल," तिनं ताट बॉनेटवर ठेवलं. वडिलांना ती दादा म्हणते. "दादा मला कारखान्याच्या मैदानात गाडी शिकवत होते. उसाची ट्रॉली मधे आली. दादांनीच लांबी भरून आणली. म्हणाले, अण्णाला सांगू नको, जन्मभर चिडवत बसेल."

अण्णांनी तुकडा हळूच पायरीवर ठेवला.

"आणि ती अट?" मी विचारलं.

"एक पोचा पोरीचा, एक पोराचा. पोराचा दादांना त्याच आठवड्यात दिसला होता, अण्णा. तिसरा जावयाचा नको, म्हणून अट घातली." मग तिनं खड्ड्यावर कुंकवाचं बोट लावलं. "कणीक जरा सैल झाली होती. घट्ट मळायला पाहिजे होती."

पूजा झाली. रीतीप्रमाणं चारी चाकांखाली लिंबं ठेवली. आता लिंबं चिरडून गाडी सीमोल्लंघनाला वेशीबाहेर न्यायची. मी सवयीनं पुढच्या दाराकडं निघालो. चारुशीलानं हात पुढं केला. मी तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. तिनं ते बाजूला ठेवून पुन्हा हात पुढं केला. मग मी चावी ठेवली.

अण्णा पुढं बसले, मी मागं. लग्नानंतर स्टिअरिंगला हात न लावलेल्या त्या बाईनं पहिला गिअर टाकला आणि गिअरनं पहिलाच ऐकला. चारी लिंबं फुटली. फाटकाचा खांब हातभर अंतरावरून मागं गेला.

त्याला आता महिना झाला. रेवणसिद्धनं पोचे काढले, तिन्ही. मामांची अट पुन्हा कुणी काढली नाही, गाडी आमच्या घरातच राहिली. फक्त माझ्याकडं राहिली नाही.