गुच्छाशेजारचे अण्णा

आमच्या शेजारचे दत्तूअण्णा पेपर वाचत नाहीत, फ्लेक्स वाचतात. सकाळी दुधाची पिशवी आणायला म्हणून निघतात आणि चिंचवड गावठाणातल्या चौकात मान वर करून उभे राहतात. वाढदिवस कुणाचा, अभिनंदन कशाचं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. ते फक्त तळातले शुभेच्छुकांचे फोटो बघतात. कुणाचा मोठा झाला, कोण खालच्या रांगेत घसरला, कोण गायबच झाला. परतताना माझ्या दारात थांबून हळूच सांगतात, "तिसऱ्या रांगेतला टोपीवाला गेला बरं का. सांभाळून ऱ्हावा."

मी त्या टोपीवाल्याला ओळखत नाही. तरी दिवसभर सांभाळून राहतो.

अण्णा पक्षाचे बूथप्रमुख. मतदानाच्या दिवशी आमच्या गल्लीला केंद्रापर्यंत नेणं हे त्यांचं काम. पण भित्रे इतके, की घरात साहेबांविषयी बोलायचं झालं तर मोबाईल आधी तांदळाच्या डब्यात ठेवतात. साहेब म्हणजे पक्षाचे इथले सर्वेसर्वा. अण्णांचा मुलगा सागर चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर आहे, आणि ते कंत्राट साहेबांच्या मेव्हण्याकडे. त्यामुळे अण्णांच्या भीतीला मी हसतो, पण जरा जपूनच.

यंदा आमच्या नगरसेविका मीराताईंनी पंचाईत केली. पोरांच्या खेळाचं मैदान बिल्डरला द्यायचा ठराव त्यांच्याच पक्षाने आणला, आणि ताई भर सभेत विरोधात उभ्या राहिल्या. लगेच चौकातला फ्लेक्स बदलला. ताईंच्या फोटोच्या जागी फुलांचा गुच्छ आला. गुच्छाला लागूनच अण्णांचा फोटो होता.

"माझ्याच शेजारी का वो?" अण्णा घाम पुसत मला विचारत राहिले.

मग साहेब स्वतः आले. मारुतीच्या देवळात सगळी गल्ली जमली.

"तुम्ही मत पक्षाला दिलंय, त्या बाईला नाही," साहेब म्हणाले. "गद्दाराच्या घरी इथून पुढं कुणी जायचं नाही."

"न्हाई साहेब," शेजारच्या शेवंताबाई उठून म्हणाल्या, "आमी ताईलाच दिलंय. तुमाला तर आज पयल्यांदाच बघितलं."

लोक हसले. साहेब हसले नाहीत, तेव्हा लोकही थांबले.

"ठीक आहे. रविवारी नवा फ्लेक्स लागेल, 'आम्ही पक्षासोबत'. गल्लीतल्या घराघरातला फोटो पाहिजे. अण्णा, तुम्ही आणून द्यायचे. कुणाचा आला नाही ते मला दिसेलच."

मी हळूच खांबाआड सरकलो.

अण्णा दारोदार फिरले. "द्या राव एखादा. बारका असला तरी चालंल." कुणी दिला नाही. शेवंताबाई म्हणाल्या, "आदी ताईचा लावा, मग माझा न्या." माझ्याकडे आले तेव्हा मी मुकाट्याने कपाटात फोटो शोधायला लागलो. खोटं कशाला सांगू, भीती वाटत होती. अण्णा माझ्या हातांकडे बघत उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

"का?"

"आमची मंडळी आजारी होती ना, तवा ताई रोज यायची. पेज भरवायची. मला भरवाया जमायचं न्हाई, हात कापायचा." एवढंच बोलून त्यांनी माझ्या कपाटाचं दार लावून टाकलं.

शनिवारी साहेबांचा फोन आला तेव्हा अण्णा माझ्याच ओट्यावर बसले होते. ते उठून उभे राहिले. "फोटो न्हाईत साहेब. एक बी न्हाई." मग पलीकडून बराच वेळ कुणी बोलत होतं. "व्हय, कळतंय," अण्णा म्हणाले. "माझा बी काढून टाका." फोन बंद केला आणि मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाले, "ह्यो जरा तांदळात ठेवा."

रविवारी फ्लेक्स लागला. 'आम्ही पक्षासोबत', आणि खाली एकटे साहेब. गल्ली पोट धरून हसली. अण्णा बघायला गेले नाहीत.

सागरला त्यांनी यातलं काहीच सांगितलेलं नाही. मलाही सांगू देत नाहीत. दुपारी पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते. तिथे अण्णा हल्ली रोज आधीच जाऊन उभे असतात. सागर उतरला की आधी त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र बघतात, मग तोंड.

"उद्या कुठली शिफ्ट?"

"पहिलीच. रोज काय विचारता हो अण्णा?"

"डबा करायचा असतो," अण्णा म्हणतात, आणि त्याची बॅग स्वतःच्या खांद्याला लावून पुढे चालू लागतात.