कोवाल्चिकच्या डोक्याची पायाभूत चाचणी

मानवी मेंदू हा अत्यंत नाजूक अवयव असल्यामुळे तो शक्य तितक्या जाड हेल्मेटमध्ये ठेवून मगच आपटावा, याबद्दल अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये आता दुमत राहिलेले नाही. पूर्वी तो नुसताच आपटत असत. मधल्या काळात विज्ञानाने पुष्कळ प्रगती केली आणि आता आपटल्यानंतर तो मोजतातही.

मोजण्याची रीत अशी. दर जुलैत, हंगाम सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक खेळाडूची पायाभूत चाचणी होते. डॉक्टर काही शब्द सांगतात, ते खेळाडूने थोड्या वेळाने परत सांगायचे. वर्षाचे महिने उलटे म्हणायचे. एका पायावर उभे राहायचे. गुण पन्नासपैकी. पुढे सामन्यात डोके आपटले, की मैदानाच्या कडेला निळ्या तंबूत नेऊन हीच परीक्षा पुन्हा घेतात. गुण जुलैपेक्षा कमी पडले तर खेळाडू घरी बसतो. कमी पडले नाहीत तर हेल्मेट चढवून पुन्हा मैदानात. नियम इतका निर्दोष आहे की तो करणाऱ्या समितीतल्या एकाच्याही डोक्याला आजवर काही झालेले नाही.

या नियमामुळे देशात अशी एक परीक्षा निर्माण झाली, जिच्यात चांगली हुशार माणसे कमी गुणांसाठी जिवापाड मेहनत करतात. जुलैत जो जितका मठ्ठ, तो नोव्हेंबरात तितका तंदुरुस्त.

डॅरिल कोवाल्चिक हा ग्रँट फॉल्स बायसन्स या संघाचा क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅकचे काम साधे असते. चेंडू हातात घेऊन कुणाकडे फेकायचा हे शांतपणे ठरवायचे, आणि तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोची चार माणसे आपल्याला गाडायला धावत येत आहेत याकडे लक्ष द्यायचे नाही. डॅरिलची ख्याती मात्र हातासाठी नव्हती, स्मरणशक्तीसाठी होती. संघाच्या डावांचा ग्रंथ दोन विटांएवढा जाड, आणि तो याला मुखोद्गत. कोचने हेल्मेटमधल्या रेडिओवर अर्धा डाव उच्चारावा, उरलेला याने पुरा करावा. सासुरवाडीला गेला की टर्की कापण्यापूर्वी त्याला दोन-चार डाव म्हणून दाखवायला लावत असत आणि सासूबाई डोळे पुसत.

तो तेहतीस वर्षांचा झाला होता. (या धंद्यात हे वय मोटारींच्या दुकानाच्या उद्घाटनाला फीत कापण्याचे समजले जाते.) त्याच्या मागे बाकावर राखीव क्वार्टरबॅक कोल्बी स्ट्रँड बसलेला असे. वय तेवीस, दात पांढरे, गुडघे शाबूत. डॅरिल पडला की कोल्बी सर्वांत आधी उठून काळजी व्यक्त करी आणि काळजी करता करता खांदे मोकळे करून घेई.

तेव्हा जुलैतल्या चाचणीत काय करायचे, हे डॅरिलला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. पण मूळचा अभ्यासू माणूस. जे करायचे ते मन लावून करण्याची खोड.

"महिने उलटे म्हण," संघाचे डॉक्टर प्रुइट म्हणाले.

"डिसेंबर," डॅरिल म्हणाला, आणि बराच विचार करून, "थँक्सगिव्हिंग."

पन्नासपैकी अकरा गुण पडले. प्रुइटनी मान वर न करता ते लिहून घेतले. "वाईट नाही," ते म्हणाले. "गेल्या वर्षी तुमच्यातल्याच एकाला कुठला पाय उचलायचा हे ठरवता आलं नव्हतं."

सप्टेंबरात पहिली धडक बसली. डॅरिल उताणा पडला, उठला आणि पंचाशी अदबीने हस्तांदोलन करून विरुद्ध संघाच्या बाकावर जाऊन बसला. तिथून त्याला तंबूत आणले. आता इथे एक गोष्ट अशी झाली, जिचा विचार समितीने केला नव्हता. डोके इतके सुन्न झाले होते की मठ्ठपणाचे सोंग आणायचे आहे, हेच डॅरिल विसरला. त्याने महिने उलटे म्हटले, आणि मग कुणी न सांगता सुलटे. अडतीस गुण.

"अरे वा," प्रुइट म्हणाले, "तुला तर मानवलंय हे!"

कोच हॅनराहननी तंबूत डोके घातले. "खेळेल का?"

"खेळेल का काय विचारता? येताना होता त्यापेक्षा हुशार झालाय."

"मग कशाला पकडून ठेवलंय पोराला? सोडा की!"

ऑक्टोबरात दुसरी धडक बसली : एकोणतीस गुण. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिसरी : एकोणीस. तिन्ही आकडे अकराच्या वरच असल्यामुळे काळजीचे कारण उद्भवले नाही. प्रुइटनी एका वैद्यकीय मासिकात लेख लिहिला. धडकांमुळे बुद्धीत अनुक्रमे २४५, १६४ आणि ७३ टक्के वाढ आढळली असून (नमुना : एक डोके) वाढीचा वेग किंचित मंदावला आहे, तरी धडकांची संख्या वाढवल्यास तो पूर्ववत होईल, असा त्याचा निष्कर्ष होता. ग्रँट फॉल्समध्ये लेखाचे चांगले स्वागत झाले. सामन्यापूर्वी पार्किंगमध्ये सॉसेज भाजत बसणाऱ्या मंडळींनी '२४५%' छापलेले सदरे शिवून घेतले. काही जागरूक माता शाळेच्या कोचला भेटून, गणिताच्या पेपरापूर्वी आमच्या मुलाला जरा दोनदा आपटाल का, म्हणून विचारून आल्या.

हा आनंद एकाच घरात पोचला नाही. डॅरिलची बायको रेनी हिने लेख वाचला नव्हता. ती नुसती डॅरिलबरोबर राहत होती. त्याने एकदा दूध ओव्हनमध्ये ठेवले. एकदा गाडी शेजाऱ्यांच्या गॅरेजात लावली आणि आपला पडदा का बदलला म्हणून शेजारणीवर रुसला. मंगळवारी स्वयंपाकघरात तो एक डाव पुटपुटत होता, तो मध्येच थांबला, आणि खोलीत आपण कशाला आलो हे न आठवणाऱ्या माणसासारखा उभा राहिला. रेनीने शेगडी बंद केली.

"जा आणि सांग त्यांना," ती म्हणाली. "जुलैत मुद्दाम चुकलो म्हणून सांग."

"वेड लागलंय का तुला? तो कोल्बी टपूनच बसलाय."

"बसू दे. मुलीचं नाव काय तुझ्या?"

"कुठल्या?"

"एकच आहे, डॅरिल!"

"मग विचारतेस कशाला? तुला माहितीच आहे की," असे म्हणून तो मोठ्याने हसला. ती हसली नाही.

नाव त्याला आठवले, पण गाडीत बसल्यावर. तिथे तो किल्ली हातात धरून बराच वेळ बसला. आयुष्यात एवढा तो कधीच घाबरला नव्हता. धावत येणारी माणसे निदान दिसत तरी. नोकरी गेली तर जाऊ दे, असे ठरवून त्याने गाडी सरळ प्रुइटकडे नेली.

"डॉक, जुलैत मी खोटं वागलो. सगळं येत होतं मला. मुद्दाम चुकलो."

प्रुइट गंभीर झाले. फसवणुकीची कबुली हा संघाच्या इतिहासातला पहिलाच प्रकार होता आणि त्यासाठी कुठलाही रकाना नव्हता. "हे फार झालं," ते म्हणाले. "नव्यानं चाचणी घ्यावी लागेल. आता तरी प्रामाणिकपणे दे."

डॅरिलने ती जितक्या प्रामाणिकपणे दिली तितक्या प्रामाणिकपणे ती चाचणी त्या इमारतीत कुणीच दिली नसेल. कपाळावर घाम आला. मुठी आवळल्या गेल्या. "डिसेंबर," तो म्हणाला. "नोव्हेंबर." मग तो खिडकीकडे पाहत राहिला. बाहेर ऑक्टोबर कुठे दिसतो का, हे तो खरोखरच शोधत होता.

गुण पडले अकरा.

प्रुइटच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी डॅरिलच्या पाठीवर थाप मारली. "बघ! उगाच स्वतःवर आळ घेत होतास. तू खोटं बोलणाऱ्यातला नाहीसच मुळी."

जुलैचे गुण आता फेरतपासणीत कायम झाले होते. गुण कमी पडलेले नसल्यामुळे डॅरिलला बसवता येत नव्हते. रविवारी त्याचे नाव पुकारले तेव्हा साठ हजार माणसे उभी राहिली. कोच रेडिओवर अर्धा डाव बोलले आणि सवयीने थांबले. पलीकडून काहीच आले नाही. समोरून चार माणसे निघाली.

या पद्धतीबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, हे समितीला मान्य आहे. वाचकांतही असे सुस्वभावी लोक असतील. पण पहिल्या धडकेपाशी एकाही वाचकाने वाचन थांबवल्याची नोंद नाही. दुसरीपाशीही नाही. तिसरीनंतर तर तुम्ही जरा सरसावून बसलात, आणि आत्ताही ती चार माणसे पोचली की नाही, हे कळल्याशिवाय तुम्ही हलणार नाही. मग उभे का? खेळाडूंच्या बायकांसाठी राखीव रांगेतली पुढची खुर्ची रिकामी आहे. तिथून सगळे अगदी जवळून दिसते. रेनी नुकतीच उठून गेली. तिला बघवले नाही. बसा.