न संपणारी बरणी

माणसाची जीभ आणि घराची भिंत यांत काडीचा फरक नसतो, असं रंगवाल्याचं ठाम मत होतं!

सोळा वर्षं तो रंगाच्या दुकानात शेड मिसळत होता. पांढऱ्या डब्यात पिवळ्याचे तीन थेंब, काळ्याचा अर्धा, झाकण ठोकायचं, डबा यंत्रात घालून गदगदा हलवायचा. एवढ्या वर्षांत त्याला एकच गोष्ट कळली होती, पण पक्की कळली होती. गिऱ्हाइकाला बदल आवडत नाही, आणि थेंबाथेंबाने केलेला बदल गिऱ्हाइकाला दिसत नाही! एका बाईंना दर दोन वर्षांनी भिंतींना आपला जुना फिकट मोतिया रंगच हवा असायचा. दुकानात मोतिया संपलेला असायचा, म्हणून याने दर खेपेला एकेक थेंब चढवत बाईंना पार पिवळ्याधमक रंगावर आणून सोडलं. बाई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्याकडे पहिल्यापासून मोतियाच हो!"

तर असा हा माणूस. आणि याच्या घरात खाण्याचा प्रश्न उभा राहिला.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणीचा कागद बघून चष्मा कपाळावर सरकवला होता. "मोठीचं ठीक आहे. धाकट्याचं रक्त कमी आहे. भाज्या पोटात जायला हव्यात. पण हे बघा, एकदम काही बदलू नका. हळूहळू! एका वेळी एक गोष्ट. तीन महिन्यांनी परत आणा."

हा धाकटा साडेपाच वर्षांचा होता आणि घरात त्याला इन्स्पेक्टर म्हणत. उगाच नाही म्हणत. प्रत्येक घास तो खिडकीपाशी न्यायचा, उजेडात उलटासुलटा करून बघायचा आणि मगच तोंडात घालायचा. ऑम्लेटमध्ये एकदा पालकाचं नखाएवढं पान निघालं, तर आठ महिने झाले, त्याने अंड्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. नूडल्समध्ये गाजराचे दोन तंतू सापडले, नूडल्स कायमच्या बाद! सूप तर चौकशीविनाच हद्दपार झालं होतं. आता उरले होते भात, ब्रेड आणि बटाटा, आणि तेही लाल सॉसमध्ये बुडवून. फडताळात सॉसची रुंद तोंडाची बरणी होती, तिच्यावर अख्खं पोर तगून होतं. सॉसवरचा विश्वास उडाला की संपलं. मग पोरगं नुसतं पाणी पिऊन राहील!

पण हळूहळू हा शब्द ऐकला आणि गडी दवाखान्यातच खुर्चीवरून अर्धा उठला. हळूहळू? अहो, हा तर माझा धंदा!

दुसऱ्या दिवशी घर जागं व्हायच्या आत तो स्वयंपाकघरात हजर. लाल भोपळा उकडून, गाळून, त्यातला एक चमचा त्याने बरणीत ढवळला. सॉस किंचित नारिंगी दिसायला लागला. इन्स्पेक्टरच्या नजरेला तेवढंही पुरलं असतं! मग त्याने बीट उकडून त्याचा चमचाभर लगदा घातला. मूळ सॉसचा एक ठिपका त्याने आधीच पांढऱ्या कार्डावर लावून ठेवला होता. त्याच्याशेजारी नवा ठिपका लावला. दिव्याखाली बघितला, खिडकीत बघितला, एक डोळा मिटून बघितला. तंतोतंत! चव बघायची मात्र त्याला आठवण झाली नाही. रंगाच्या धंद्यात चव कोण बघतो?

बायकोला सांगावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण ती ड्रायव्हिंग शिकवायची, आणि दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून तिचा चेहरा असा झाला होता की मनातलं सगळं त्यावर आधीच उमटायचं. इन्स्पेक्टरने तो दोन मिनिटांत वाचला असता. सासरे त्यांच्याकडेच राहायचे, निवृत्त कंपाउंडर. त्यांना एखादी गोष्ट सांगणं म्हणजे जिन्यात उभं राहून ओरडणं! तेव्हा चिडीचूप राहायचं ठरलं.

पहिला आठवडा झकास गेला. इन्स्पेक्टर ब्रेड बुडवतोय, उजेडात धरतोय, खातोय! रंगवाला समोर बसून मांडी हलवत राहायचा. टेबलावरचे पेले किणकिणायचे.

"अहो, पाय! भूकंप आल्यासारखं काय करताय?" बायको म्हणायची.

"कुठे काय?" म्हणून तो उठायचा आणि खोलीत येरझारा घालायला लागायचा.

दुसऱ्या आठवड्यात एक चमत्कारिक गोष्ट घडली. बरणी संपेना! पोरगं सकाळसंध्याकाळ चेपून खातंय, आणि सॉस आहे तेवढाच. एकदा तर वाढलेला वाटला. रंगही रोज वेगळा. काल पहाटे बरोबर जमवलेला लाल आज पहाटे वांगी रंगाकडे झुकलेला. रंगवाल्याने आणखी भोपळा घातला. दुपारी जेवायला घरी येईपर्यंत तो पुन्हा नारिंगी! याने आणखी बीट घातलं. आयुष्यात कुठल्याही डब्याने त्याला असं सतावलं नव्हतं. दुकानात त्याचं लक्ष लागेना. फिकट आकाशी मागणाऱ्या माणसाचा डबा त्याने झाकण न ठोकताच यंत्रात घातला, आणि तो माणूस, मालक आणि भिंत तिघंही आकाशी झाले!

आणि मग तो रविवार उजाडला.

"आईऽऽ!" मोरीतून इन्स्पेक्टरचा आवाज आला. "माझी शू लाल झालीय!"

बायकोच्या हातातली कपबशी खाली. सासरे हातात वर्तमानपत्र तसंच धरून धावले. रंगवाला सगळ्यांच्या पुढे! आणि खरंच, लाल म्हणजे कसली लाल! एरवी त्याने लगेच शेडचा नंबर सांगितला असता. आज त्याला एकही नंबर आठवेना.

पहिल्यांदा त्याला बीट आठवलं. पण आपण घातलं किती? दिवसाला चमचा, फार तर दीड. तेवढ्याने एवढा रंग चढत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणजे हे बीट नव्हे. म्हणजे रक्त! आधीच पोराच्या अंगात रक्त कमी, आणि त्यातलं हे असं चाललंय! पोराला त्याने उचलून इतकं घट्ट धरलं की ते ओरडलं, "बाबा, दुखतंय!" ते ऐकून तर त्याला रडूच फुटलं.

"गाडीत बसा!" बायको ओरडली.

गाडी म्हणजे बायकोची शिकवणीची गाडी. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आणि शिकवणाऱ्यासाठी डाव्या बाजूला दुसरा ब्रेक. बायको चालवायला बसली, रंगवाला तिच्या डावीकडे, मागे सासरे, मधे इन्स्पेक्टर आणि खिडकीशी ताई. ताई म्हणजे मोठी मुलगी; ती नऊ वर्षांची होती आणि ती एकटीच शांत होती.

गाडी सुटली. रंगवाल्याचे पाय काही स्वस्थ बसणारे नव्हते. गाडी चौकात पोचली आणि ती गचकन थांबली!

"पाय काढा!" बायको किंचाळली.

"मी काही केलं नाही!"

"ब्रेकवर आहे तुमचा पाय!"

गाडी निघाली, थांबली, निघाली, थांबली. मागचे लोक टपावरची पाटी बघून कीव करत बाजूने निघून जात होते. एका सायकलवाल्याने तर काचेशी वाकून सांगितलं, "मॅडम, घाबरू नका, येईल हळूहळू!"

रंगवाल्याला राहवेना. समजा बीटच असेल, तर डॉक्टरांना सांगायला हवं. पण मागे इन्स्पेक्टर कान टवकारून बसला होता! सॉसचं नाव निघालं की खेळ खलास. तो बायकोकडे झुकला. "अगं, मला तुला जरा सांगायचंय."

"मलाही," बायको रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"मग सांग."

"आधी तुम्ही."

"इथे नको."

"मलाही इथे नकोच."

मागून सासरे खाकरले. "मलाही डॉक्टरांशी दोन शब्द बोलायचे होते. खासगीत."

"आजोबा, मी मरणारे का?" इन्स्पेक्टरने विचारलं.

गाडी पुन्हा गचकन थांबली. या वेळी ब्रेक बायकोनेच लावला होता.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना रविवारी बंद असायचा, पण त्या वरच राहायच्या. ओल्या केसांनी खाली आल्या, पोराचं पोट चाचपलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, हातात प्लास्टिकचा पेला देऊन आत पाठवलं. पेला भरून आला. बाईंनी तो उजेडात धरला.

"काल काय खाल्लं होतं?"

"नेहमीचंच!" तिघं एका सुरात म्हणाले.

"बीट?"

रंगवाल्याने खाली बघितलं. इन्स्पेक्टर त्याचं बोट धरून उभा होता. सांगावं, तर सॉस जातो. न सांगावं, तर पोराला उगाच सुया टोचतील. त्याने डोळे मिटले. "चमचाभर. रोज. सॉसमध्ये," तो म्हणाला. "भोपळ्याचा रंग मारायला."

"तुम्ही?" बायको उडालीच. "अहो, चमचाभर मी घालत होते! दुपारी, दोन शिकवण्यांच्या मधे! गाजर घालायचे, मग फिकं दिसायचं म्हणून बीट!"

"म्हणजे तुम्ही दोघं?" सासरे खुर्चीत बसले. "आणि मी संध्याकाळी तीन चमचे! रक्तवाढीसाठी सरळ बीटच. वर साखर, म्हणजे कळू नये. चाळीस वर्षं लोकांना औषधं अशीच पाजलीत!"

डॉक्टरीणबाईंनी पेला खाली ठेवला. "मी हळूहळू सांगितलं होतं ना?"

"हळूहळूच घातलं!" तिघं पुन्हा एका सुरात.

"मी तिघांनाही बघितलं," ताई म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुमचं ठरलंय. आणि मला कुणी विचारलंच नाही."

रक्त नव्हतं! नुसतं बीट होतं! रंगवाल्याला हायसं वाटलं, पण ते जेमतेम श्वासभर टिकलं. कारण त्याचं बोट कुणीतरी सोडलं होतं. इन्स्पेक्टर दोन पावलं मागे सरला होता आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. आई, आजोबा, बाबा.

"सॉसमध्ये?" तो म्हणाला. "माझ्या सॉसमध्ये?"

"खोटारडे," तो म्हणाला. ओरडला नाही, नुसतं म्हणाला. रंगवाल्याला वाटलं, याने आता थयथयाट करावा, लाथा झाडाव्यात, पण असं बघू नये.

मग इन्स्पेक्टर डॉक्टरीणबाईंकडे वळला. "बीटने सगळ्यांची लाल होते?"

"नाही. काहींचीच होते. तुझी झाली."

"ताईने पण तोच सॉस खाल्ला. ताईची?"

"नाही झाली," ताई पडलेल्या आवाजात म्हणाली.

इन्स्पेक्टरची छाती फुगली. पण दुसऱ्याच क्षणी त्याने वळून बापावर बोट रोखलं. "बाबाची?"

आता खरी पंचाईत आली. रंगवाल्याने जन्मात बीट तोंडात घातलं नव्हतं! मातीचा वास येतो म्हणून तो लहानपणी ते खिशात लपवायचा. आणि तो लाल सॉस तर तो खातच नसे. मोठ्या माणसांना काय करायचंय सॉस!

"मी नाही खाल्लं," तो पुटपुटला.

"मला दिलं आणि स्वतः नाही खाल्लं?" इन्स्पेक्टर म्हणाला. यावर डॉक्टरीणबाईसुद्धा खिडकीबाहेर बघायला लागल्या.

बरणी त्याच दिवशी इन्स्पेक्टरने स्वतः मोरीत उपडी केली आणि आपली अट सांगितली. सॉस बंद. लपवाछपवी बंद. बीट ताटात दिसलं पाहिजे, बीटासारखं. आणि आधी बाबाने खायचं. समोर बसून. मग मी खाणार. आणि कुणाची लाल होते ते बघणार!

रंगवाल्याने पहिली चकती डोळे मिटून गिळली. घशात अख्खं शेत उतरल्यासारखं वाटलं. "खाल्लं!" तो म्हणाला.

"आ कर," इन्स्पेक्टर म्हणाला. त्याने खिडकीशी नेऊन बापाच्या तोंडात डोकावून बघितलं, आणि मग आपली चकती खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याची लाल झाली. बाबाची झाली नाही.

"तू थुंकलास."

"अरे, शपथ घेतो, गिळलं!"

"मग आज दोन खा."

दोनाच्या चार झाल्या, चाराचं अख्खं बीट झालं. बाबाचा रंग काही बदलेना! मग इन्स्पेक्टरने तपास वाढवला. गाजराने होते का? दोघांनी गाजर खाल्लं. भोपळ्याने पिवळी होते का? दोघांनी भोपळा खाल्ला. आधी बाप, मागून पोरगा, रोज खिडकीपाशी तोंडं उघडून. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, पोराचं रक्त बघून मान डोलावली आणि विचारलं, "हे कसं जमवलंत?" रंगवाल्याने तोंड उघडलं, आणि बायकोने त्याला कोपर मारून ते मिटवलं.

पण तपास काही मिटलेला नाही. आजही सकाळी रंगवाला मोरीत उभा आहे, दुकानाला उशीर होतोय, एक पाय सारखा हलतोय, आणि दारावर धडाधड थापा पडतायत.

"बाबा, झाली का?"

"नाही रे."

"खोटं बोलतोस. दार उघड, मला बघू दे."

रंगवाल्याने सुस्कारा सोडला आणि कडी काढली.

इन्स्पेक्टर आत आला, त्याने वाकून नीट बघितलं. मग बापाच्या मांडीवर थोपटत तो म्हणाला, "असू दे. उद्या पालक खाऊन बघू. हळूहळू होईल."