पंधरा मिनिटं फास्ट

त्या संध्याकाळी लुंबिनीत चहाच्या बाकड्यापाशी कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारीनं मनचं रचलंन. मी शेवंता. माझ्या शेजारचे सुदाम भावजी. शाळेतनं रिटायर झालेल्या कांबळे बाई. आमची ट्रिप काढणारा मिलिंद. आणि चहावाली नेपाळी बाई, तिचं नाव विचारायचं माझं राहून गेलं. बाकीची पस्तीस माणसं धर्मशाळेच्या पायरीवर मोबाइल धरून बसलेली. ती असून नसल्यासारखी.

आता सुदाम भावजी म्हणजे कोण, तर मुरुडच्या अलीकडच्या आमच्या वाडीत जो माणूस समुद्राला लेट म्हणतो, तो. जन्मभर एसटीत कंट्रोलर व्हता, शिट्टी मारून गाड्या सोडायचा. रिटायर झाला तरी शिट्टी गळ्यातच. सकाळी किनाऱ्यावर जाऊन उभा ऱ्हातो, मनगटातलं चावीचं घड्याळ बघतो आणि भरतीकडं बोट दाखवून सांगतो, "वैनी, हिचा रोज टायम बदलतो. हिला कुठल्या डेपोत ठेवतील काय?"

एकदा वाडीत लग्न व्हतं. पाव्हणे यायचे म्हणून सगळे खोळंबले. भावजीनं घड्याळ बघितलंन आणि शिट्टी मारलीन. नवरा दचकून उठला आणि एकटाच मंडपात चालायला लागला. सगळे भावजीला बोलले. हा म्हणतो, "टायमिंग म्हणजे टायमिंग."

फोन हाय त्याच्याकडं, चांगला बोट लावायचा. पण फोनातला टायम तो बघत न्हाय. "तो टायम दुसरा कोणतरी पाठवतो वैनी. आपण दुसऱ्याचा टायम कशाला घ्यायचा?" फोनचं काम एकच. रोज संध्याकाळी साताला माझ्या घरामागच्या सुरूच्या झाडाखाली यायचं, तिथं रेंज लागते. एक नंबर लावायचा, एक रिंग गेली की कापायचा. मग मिनिटभर उभं ऱ्हायचं. तिकडनं एक रिंग येते आणि थांबते. फोन खिशात, माणूस घरी.

लोकं म्हणायची, कंजूष हाय, मिस्कॉलावर जगतो. मला ठाऊक व्हतं तो नंबर कोणाचा. रेवदंड्याच्या काशिनाथदादाचा. याचा सख्खा थोरला भाऊ.

दोघं चौदा वर्षं बोलत न्हाईत. तेव्हा भावजीची ड्युटी रेवदंडा स्टँडला. आई हिकडं वाडीत आजारी. काशिनाथदादा कामावर लांब व्हता. त्यानं स्टँडला फोन केलान, "साताची शेवटची मुरुड गाडी थोडी थांबव, मी पंधरा मिनिटांत पोचतो." भावजीनं सात वाजता शिट्टी मारलीन. गाडी गेली. दादा आला तर स्टँडवर नुसती धूळ. रिक्षावाले खाडीपलीकडं यायला तयार होईनात. सकाळच्या पहिल्या गाडीनं दोघं भाऊ आले, एक पुढच्या दारानं, एक मागच्या. आई तोवर गेली व्हती. मीच तिच्या तोंडात पाणी घातलेलं.

त्या दिवसापासनं बोलणं बंद. पण आईला जाऊन वर्ष झाल्यावर एका संध्याकाळी साताला भावजीनं एक रिंग दिलीन. तिकडनं एक रिंग आली. म्हणजे तू हायेस, मी पण हाय. त्याच्यापुढं एक शब्द न्हाय.

तर ट्रिपचं. मिलिंदनं विहारात मीटिंग घेतलीन. भगवान बुद्धांचा जन्म झाला ती जागा बघायची, नेपाळात. मला वाटलं लोकं विचारतील किती चालायचं, पाणी कसं, जेवायला काय. पहिलाच सवाल आला, "तिकडं नेट चालंल काय?" दुसरा सवाल तोच, मागच्या रांगेतनं. मिलिंदनं हात वर केलान, "परदेश हाय. आपलं सिम बंद पडतं. फॉरेनचा पॅक मारावा लागतो." सगळी वाडी काळजीत, पण पॅकचा भाव ऐकला आणि कोणी पैसे काढीना. मी माझ्या जन्मातली निम्मी वर्षं दुसऱ्याच्या वाडीत नारळ वेचले, तेव्हा मला कोणाचा फोन लागत नव्हता आणि लागत न्हाय हेही कळत नव्हतं.

भावजी मोबाइलच्या दुकानात गेला. "मला नेट नको. मला एक रिंग पायजे. नेपाळातनं रेवदंड्याला." दुकानातल्या पोरीनं मान डोलावलीन, बटणं दाबलीन, "झालं काका, सगळ्यात मोठा पॅक मारलाय."

पनवेलवरनं गाडी धरली. दोन रात्री बसून माझे पाय भोपळ्यावानी सुजले. ते काय मोठं न्हाय. पोटुशी असताना मी डोंगरातनं मोळी आणलेली बाई. पण गाडीत रडणारी माणसं वेगळी व्हती. चार्जिंगचा बोर्ड बिघडलेला.

परदेश म्हणजे एक कमान. अलीकडं भजी तळतात, पलीकडं भजी तळतात. कमानीखालनं आम्ही चालत गेलो. थोडं पुढं गेलो आणि एकेकाचा फोन मेला. अख्ख्या ट्रिपची बोलती बंद. कोणी फोन वर धरतोय, कोणी झटकतोय, एक बाई तर फोन पदरानं पुसत व्हती. आणि एकट्या भावजीच्या खिशात वाजलं, टिंग.

त्यानं नंबर लावलान. लागंना. परत लावलान. मिलिंदनं फोन बघितलान आणि ओरडला, "काका, हा डेटा पॅक हाय! नेट भरपूर, कॉल न्हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे जगातलं सगळं दिसंल, फक्त फोन लागणार न्हाय."

तिथनं पुढं भावजीचा भावजी ऱ्हायला न्हाय, हॉटस्पॉट झाला. हा शब्द मी तिथंच शिकले. याच्या फोनातनं सगळ्यांच्या फोनात नेट जातं म्हणे, पण याच्यापासनं लांब जायचं न्हाय. मग काय, भावजी उजवीकडं तर ट्रिप उजवीकडं. भावजी संडासाला गेला तर बाहेर पंधरा माणसं. जन्मस्थानाच्या देवळामागं तो पिंपळाखाली डोळे मिटून जरा बसला, तर भोवती आमची माणसं गोल करून बसली, माना खाली, एकदम शांत. एका गोऱ्या बाईनं हात जोडलेन आणि फोटो काढलान. तिला वाटलं, कोणी मोठा गुरू हाय. तिला कोण सांगणार?

काहीजणी तर ते देऊळ फोनात बघत व्हत्या. देऊळ समोर व्हतं.

धर्मशाळेत शिरलो तर भावजी मॅनेजरशी भांडतोय. "तुमचं घड्याळ पंधरा मिनिटं फास्ट हाय!"

मॅनेजर हसून म्हणाला, नेपाळचा टायमच तसा हाय, इंडियाच्या पंधरा मिनिटं पुढं.

"अख्खा देश?"

"अख्खा देश."

"आणि कोणी काय बोलत न्हाय?" भावजी कितीतरी वेळ त्या घड्याळाकडं बघत ऱ्हायला. मग मनगटातलं काढलंन, काटा पुढं केलान. "जिकडचा डेपो तिकडचा टायम. काय करणार."

त्या संध्याकाळी रिंग गेली न्हाय. पोरं सांगत व्हती, काका, व्हॉट्सअॅपवरनं लावा. काशिनाथदादाकडं बटणांचा फोन, त्याच्यात व्हॉट्सअॅप कुठलं? भावजी जेवला न्हाय. ताट पुढं आणि हात मांडीवर.

मी म्हटलं, "रेवदंड्यात कोणाला तरी मेसेज धाडा. जाऊन सांगतील."

"काय सांगतील? सुदामची आज रिंग येणार न्हाय म्हणून? मग सगळ्या रेवदंड्याला कळंल, आम्ही रिंग देतो."

"कळू द्या की."

"दादाला आवडायचं न्हाय." मग ताट बाजूला सारलंन आणि म्हणाला, "तेरा वर्षांत एक दिवस चुकला न्हाय, वैनी. मला ताप व्हता तेव्हा पण दिली. तो म्हणंल, सुदाम गेला. तो तसा हार्टवाला हाय."

एवढंच बोलला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. बाहेर पायरीवर त्याच्या नेटवर कोणाच्या तरी नातवाच्या बारशाचा व्हिडिओ मोठ्यानं चालू व्हता.

दुसऱ्या दिवशी मी कांबळे बाईला गाठलं. सगळं न्हाय सांगितलं, अर्धं सांगितलं. मास्तरीण ती, अर्ध्यात ओळखलंन. म्हणाली, "अहो, एवढ्यासाठी उपाशी? त्यांच्याच नेटवरून कॉलचा पॅक मारता येतो की." फोन घेतलान, चष्मा वर केलान आणि दुपारभर खटपट केलीन. पायरीवरची माणसं ओरडली, नेट स्लो का झालं? बाईनं त्यांच्याकडं असं बघितलंन की सगळी पाचवीत गेली.

संध्याकाळी आम्ही चहाच्या बाकड्यापाशी बसलो तेव्हा मेसेज आला. मिलिंदनं वाचलान, "काका, आता रिंग जाईल."

भावजीनं मनगट डोळ्यासमोर धरलंन. "तीन मिनिटं हायेत."

"आत्ता लावा ना."

"टायमिंग म्हणजे टायमिंग."

चहा निवला. सात वाजले. अंगठा दाबलान. एक रिंग गेली. अंगठा लाल बटणाकडं निघाला, तोच आतनं आवाज आला.

"सुदाम?"

भावजीला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज सगळ्यात मोठा ठेवलेला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. भावजी माझ्याकडं बघायला लागला, जसं काय मीच उत्तर द्यायचंय.

"सुदाम? काय झालं रं? बोल की. हॉस्पिटलात हायेस काय?"

"न्हाय."

"मग काल रिंग न्हाय, आणि आज पावणेसातालाच? मला वाटलं कोणी दुसरा तुझा फोन घेऊन सांगतोय..."

"सात वाजलेत."

"पावणेसात. भिंतीवर घड्याळ हाय माझ्या. तू कधीपासनं टायम चुकायला लागलास?"

भावजीनं मनगटाकडं बघितलंन. तोंड लहान पोरासारखं झालं. "दादा, मी नेपाळात हाय. हितं... हितं अख्खा देश पंधरा मिनिटं फास्ट हाय."

चहावालीनं स्टोव्ह बारीक केलान.

"पंधरा मिनिटं?" दादा म्हणाला.

"व्हय."

"जेवलास?"

"न्हाय अजून."

"काल?"

"न्हाय."

"मग जेव. आणि रिंग..."

"दादा, गाडी थांबवायला पायजे व्हती मी."

तिकडचा आवाज गेला. दादा गप बसला की फोन कापला गेला ते आम्हाला कळलं न्हाय. मिलिंद म्हणाला, बॅलन्स संपला. कांबळे बाईनं त्याला डोळ्यानं दाबलंन.

मिनिटभरानं फोन वाजला. एक रिंग. थांबला.

भावजीनं निवलेला चहा एका दमात प्यालान आणि चहावालीला म्हणाला, "बाई, खायला काय हाय?" त्याच्या हॉटस्पॉटची बॅटरी तेव्हाच गेली असणार, कारण पायरीवरची पस्तीस माणसं एकदम उठली आणि पहिल्यांदाच इकडं तिकडं बघायला लागली. एकजण म्हणाला, "अरे, हितं तळं हाय?"

आम्ही परत आलो. कमान ओलांडली तेव्हा सगळ्यांनी फोन वर धरले. भावजीनं मनगटाला हात लावलान न्हाय. मला वाटलं विसरला. वाडीत आल्यावर मी म्हटलं, "भावजी, घड्याळ मागं करा की, आपल्या देशात आलो."

"राहू दे, वैनी. चावी जाम झालीय."

आता तो सगळीकडं पंधरा मिनिटं आधी पोचतो आणि एसटीला लेट म्हणून बोलतो. संध्याकाळी त्याच्या साताला, म्हणजे आपल्या पावणेसाताला, सुरूखाली येतो. रिंग देतो. दादा उचलतो. म्हणतो, "पावणेसात वाजलेत." हा म्हणतो, "माझ्यात सात." तो म्हणतो, "तुझं घड्याळ बिघडलंय." हा म्हणतो, "तुझंच स्लो हाय." असं भांडत भांडत मासळी मिळाली काय, गुडघा कसा हाय, सगळं निघतं. भिंतीमागं मी भांडी घासत ऐकते. खरे सात वाजले की दोघं एकदम फोन ठेवतात.

माझं वाचणाऱ्यांना एकच मागणं हाय. मुरुडकडं आलात आणि गळ्यात शिट्टी असलेला म्हातारा किनाऱ्यावर दिसला, तर टायम विचारा, तो सांगंल. तो पंधरा मिनिटं पुढचा असंल. तुमच्या फोनात बघून त्याला बरोबर टायम सांगू नका.