बिनखांबाचा सज्जा

गुलाब मिस्त्री आपल्या घराच्या सज्ज्यावर कधीच बसत नसत. रोज संध्याकाळी ते सज्ज्याच्या खाली बसत.

साठ-एकसष्ट साली मी मारेगावला मास्तर म्हणून गेलो आणि या गवंड्याच्या शेजारी खोली घेतली. त्यांचं घर दोन खोल्यांचं. पण मागच्या भिंतीतून सहा हात लांब सज्जा थेट नाल्यावर निघालेला. खाली एक खांब नाही. गाव म्हणे, आज पडेल, उद्या पडेल. मीही त्याच्याखालून कधी गेलो नाही.

"मिस्त्री, एखादा खांब तरी लावा."

"कायले? मांगं भितीचं वजन हाय नं! मांगचं पक्कं असलं का पुढचं पडत नाही."

कुणाच्याही सज्ज्याचे टेकू काढले, की हा माणूस घरमालकाला वर उभं करी आणि स्वतः खाली मांडी घालून बिडी पेटवी. "ज्यानं बांधलं त्यानं खाली बसावं," एवढंच म्हणे.

हा सज्जा त्यांनी सोनाबाईसाठी बांधला होता. ती त्यांची बायको. पाय गेल्यापासून अंधाऱ्या खोलीत खाटेवर होती. नाल्यापलीकडच्या शेतात तिनं जन्मभर कापूस वेचला होता. ते शेत तिला दिसावं, एवढाच त्यांचा हट्ट. पण पहिल्याच दिवशी ती घाबरली. "मले गरगरते. तुमी खाली बसा, तवाच मी वरतं बसन."

तेव्हापासून मिस्त्री तिला उचलून खुर्चीत बसवत आणि खाली दगडावर जाऊन बसत. वरून ती पलीकडं कापूस वेचणाऱ्या बायांवर ओरडे, "अवं पार्बते, बोंडं सोडून राह्यली तू!" मी मिस्त्रींची खूप थट्टा केली. ते नुसते हसत.

दोन वर्षांनी, वेचणीच्याच दिवसांत, सोनाबाई गेली. विहारातली माणसं येऊन वंदना म्हणून गेली. आठवड्यानं पाहतो, तर वर खुर्ची रिकामी आणि मिस्त्री खाली दगडावर. मला रागच आला.

"मिस्त्री, आता खाली कुणासाठी? वर बसा, शेत दिसेल."

"काल बसलतो, मास्तर." त्यांनी वर खुर्चीकडं पाहिलं. "लय भेव लागलं. खाली कोणीच नाही नं."

शेकडो सज्जे बांधलेला माणूस हे बोलत होता. मी त्यांना हाताला धरून उठवलं, वर पाठवलं आणि त्या दगडावर जाऊन बसलो. डोक्यावर सहा हात सिमेंट होतं.

वर खुर्ची करकरली. मग मिस्त्रींचा घोगरा आवाज नाल्यापलीकडं गेला.

"अवं पार्बते, बोंडं सोडून राह्यली तू!"